सतरावी ओळ

१

"मावशी, सतरावी ओळ गेली आणि हे त्या ओळीत मांडी घालून बसलेत," एवढं बोलून माझी भाची फोनवर रडायला लागली.

मी जन्म बी तपासणीच्या प्रयोगशाळेत घालवलेली बाई. ओळ गेली म्हणजे काय, हे मला समजावून सांगावं लागत नाही. पण त्यात जावयाने का बसावं हे कळायला तिचं रडणं थांबेपर्यंत वाट बघावी लागली.

झालं होतं ते असं. भाचीचा नवरा तेलबियांच्या संशोधन केंद्रात रोगतज्ज्ञ आहे. बुरश्या वाढवायच्या, त्या झाडांना लावायच्या आणि कोणतं झाड तग धरतं ते बघायचं, हे त्याचं काम. केंद्रात त्याला सगळे 'बुरशी' म्हणतात आणि हा शहाणा त्या नावाला ओ देतो. केंद्राचे साहेब म्हणजे सूर्यफुलाचे नामांकित पैदासकार, संकर करून नवी वाणं घडवणारे. केवडा रोगाला दाद न देणारं त्यांचं वाण दहा-बारा वर्षांच्या चाचण्यांनंतर याच हंगामात शेतकऱ्यांसाठी जाहीर व्हायचं होतं. साहेब परदेशात व्याख्यानं झोडून परत आले, थेट चाचणीच्या वाफ्यात गेले आणि बघतात तर सतराव्या ओळीतलं त्यांचं लाडकं वाण केवड्याने खुजं होऊन उभं. हा घातपात आहे आणि तो बुरशीने केलाय, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. दुपारपर्यंत जावयाच्या हातात निलंबनाचा कागद पडला. चौकशी समितीने दोष ठेवला तर नोकरी जाणार होतीच. शिवाय मुद्दाम रोग सोडणारा म्हणून ज्याचं नाव झालं, त्या रोगतज्ज्ञाला दुसरीकडे कोणी दारातही उभं केलं नसतं.

"पण ओळीत का बसलाय तो?"

"साहेब म्हणाले, ही झाडं आत्ताच्या आत्ता उपटून टाका. हे म्हणाले, हात लावायचा नाही. आणि बसले. लोक हसतायत गं मावशी."

"हसू देत. त्याला सांग, मी येईपर्यंत उठायचं नाही."

गुडघ्याला पट्टा बांधला आणि निघाले. वाटेत केंद्राच्या संचालकांना फोन केला. ते एकेकाळी माझ्याच हाताखाली बी पारखायला शिकले. त्यांनी आढेवेढे घेतले, पण शेवटी कबूल केलं की समिती बसेपर्यंत ओळीला कोणी हात लावणार नाही आणि मला हवं त्याला हवं ते विचारता येईल.

"आणि मॅडम, तुमचा जावईच दोषी निघाला तर?"

"तर ते मीच तुम्हाला सांगेन," मी म्हटलं. बोलताना मला अजिबात बरं वाटलं नाही.

२

रोगट वाफा ही काय चीज आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सारं जग रोग घालवायला धडपडतं, इथे तो जिवापाड जपतात. केवड्याने गेलेली झाडं दर हंगामात तुकडे करून त्याच मातीत गाडायची आणि वर पाणी सोडायचं. त्या मातीत नवं बी पेरलं की कोवळ्या मुळातून रोग आत शिरतो. झाड गुडघ्याएवढंच राहतं, पानं पिवळी पडतात, पानांखाली पांढरी बुरशी धरते आणि फूल मान न झुकवता आभाळाकडे तोंड करून वांझ उभं राहतं. नाव केवडा असलं तरी वासाबिसाची आशा धरू नये. या मातीत जे झाड धड वाढेल तेच खरं रोगाला पुरून उरणारं.

माती खरोखर रोगट आहे याची खात्री म्हणून दर दोन ओळींनंतर एक जुनं नाजूक वाण पेरतात. ते हटकून आजारी पडतं, म्हणून केंद्रात त्याला 'रडकी' म्हणतात. वाफ्याच्या खालच्या अंगाला आणखी काही ओळी असतात, त्यांना म्हणतात 'पंच'. केवड्याच्या जाती अनेक आहेत आणि प्रत्येक पंच ठरावीक जातींनाच बळी पडतो. कोणता पंच पडला आणि कोणता उभा राहिला, यावरून मातीत रोगाची कोणती जात आहे ते ओळखायचं.

जावई खरंच मांडी घालून बसला होता. उन्हाने कान लाल झालेले, चपला बाजूला काढून ठेवलेल्या.

"मावशी, उठू का? पाय बधिर झालाय."

"ऊठ. आणि तोंड बंद ठेव."

तेवढ्यात साहेब आले. ते जगाचे साहेब असतील, पण कॉलेजात माझ्या मागच्या बाकावर बसून माझ्या वहीत डोकावायचे, त्यामुळे मी त्यांना अरे-तुरे करते.

"या वयात गुप्तहेर झालीस की काय?" तो म्हणाला.

"तुझ्या कृपेने. सांग, कसा झाला घातपात?"

"सरळ आहे. हा पोरगा दोन वर्षं माझ्या वाणाच्या मागे हात धुऊन लागलाय. अजून चाचण्या घ्या, अजून चाचण्या घ्या. मी जुमानत नाही म्हटल्यावर बाहेरून रोगाची नवी जात आणली आणि माझ्या ओळीत सोडली. वर रोग दिसल्यावर मला कळवलंसुद्धा नाही. मी परत येईपर्यंत गंमत बघत बसला!"

"साहेब, तुम्हाला समोरासमोर दाखवावं म्हणून मी..."

"तोंड बंद," मी जावयाला म्हटलं आणि खालच्या अंगाला पंचांकडे चालत गेले.

दरवर्षी पडणारे पडले होते आणि दरवर्षी उभे राहणारे उभे होते. मागच्या हंगामात मी पाहुणी म्हणून हाच वाफा बघितला होता. चित्र तसंच्या तसं. आता केवड्याची नवी जात ही काही डबीत घालून एका ओळीत ठेवता येत नाही, ती पाण्याबरोबर वाहते. पाट सतराव्या ओळीवरून पुढे पंचांकडे जात होता. नवी जात सोडली असती तर एखादा तरी पंच वेगळा वागला असता.

"रोग जुनाच आहे," मी म्हटलं.

"मग बी बदललं असेल!" तो लगेच म्हणाला.

त्याच्या वाणाची खूण सगळ्यांना ठाऊक आहे. देठाच्या बुडाशी जांभळी झाक असते आणि ती दुसऱ्या कुठल्या वाणात नाही. मी गुडघ्यांना शिव्या घालत खाली वाकले. खुज्या झाडांच्याही देठांना तीच जांभळी झाक होती. म्हणजे बीसुद्धा त्याचंच.

बी तेच, रोग तोच, आणि इतकी वर्षं ताठ उभी राहिलेली ओळ या वर्षी आडवी. मी ओळीच्या कडेने चालत टोकापर्यंत गेले आणि तिथे थबकले. टोकाची आठ-दहा झाडं चांगली माझ्या खांद्याला लागत होती. पानं हिरवीगार, मान झुकलेली, देठ जांभळे.

"तिकडची माती कोरडी असेल," साहेब तिकडे न बघताच म्हणाला.

शेजारची रडकी त्याच टोकापर्यंत पिवळी पडली होती. कोरड्या मातीत ती अशी पडली नसती. तो निघून गेल्यावर बांधावर बसलेल्या मुकादमाला विचारलं, "झाडं उपटायला सांगितली होती, ती कुठून सुरुवात करायची होती?"

"या टोकाकडून," त्याने खांद्याएवढ्या हिरव्या झाडांकडे बोट दाखवलं. "साहेब म्हणाले, आधी ही काढा."

३

कंपनीवाल्याला मी पहिल्यांदा गाठलं, कारण तो मला आवडत नाही. अत्तर लावून वाफ्यात फिरणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. त्याची कंपनी सूर्यफुलाचं बी विकते आणि साहेब परदेशात असताना हा गृहस्थ दोनदा वाफ्याशी घुटमळताना दिसला होता.

"मॅडम, मी कशाला ओळ मारू?" त्याचा चेहरा रडवेला झाला. "साहेबांच्या वाणाचे हक्क आम्हीच घेत होतो. पोस्टरं छापून तयार आहेत. त्या ओळीशेजारी उभं राहून फोटो काढायला आलो होतो, तर ही अवकळा. मालकांना काय तोंड दाखवू?"

पोस्टर दाखवलंन. त्यावर साहेब हसत होते आणि खाली 'केवड्याला कायमचा निरोप' असं लिहिलं होतं. या माणसाचं नुकसान इतकं खरं होतं की मला त्याची कीव आली, तीही पाचेक मिनिटंच.

मग चष्मिशला बोलावलं. ही साहेबांच्या हाताखालची नवी पैदासकार, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि आवाज इतका बारीक की दोनदा विचारावं लागतं. सतरावी ओळ तिने स्वतः पेरली होती. बी मोजण्याच्या खोलीत आम्ही समोरासमोर बसलो. खोलीच्या मधोमध नवं कोरं मोजणीयंत्र होतं. वरून बी ओता, खालून मोजलेलं बी पाकिटात पडतं.

"टोकाची झाडं का जगली?" मी विचारलं.

तिच्या तोंडचं पाणीच पळालं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मॅडम, माझी नोकरी जाईल."

"माझ्या जावयाची जायची वेळ आलीच आहे. तू एकटी कशाला मागे राहतेस? बोल."

"बी कमी पडलं," ती म्हणाली. "यंत्र नवीन आहे. माझ्याकडून काहीतरी चुकलं आणि पाकिटात बी कमी आलं. पेरताना ओळीचं टोक रिकामं राहिलं. साहेबांकडे गेले असते तर म्हणाले असते, एवढं महागाचं यंत्र आणलं आणि तुला चालवता येत नाही. कपाटात मागच्या हंगामातलं उरलेलं पाकीट होतं. वाण तेच, शिक्का तोच. त्यातलं बी टाकून टोक भरलं."

"चाचणीच्या ओळीत जुनं बी मिसळलंस."

"हो मॅडम."

पैदासकाराने अशी चूक करणं म्हणजे आचाऱ्याने मिठाच्या जागी साखर घालणं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी तिची चंपी केली असती. त्या दिवशी तिला मिठीच मारावीशी वाटली, कारण तिच्या चुकीने मला हवं ते हातात दिलं होतं. एकच वाण, एकच माती, एकच पाणी, फक्त पाकिटं दोन. एकातलं बी पडलं आणि एकातलं उभं राहिलं.

"ते जुनं पाकीट कुणी भरलं होतं?"

"वहिनींनी," ती म्हणाली. "यंत्र यायच्या आधी सगळी पाकिटं वहिनीच भरायच्या. आपलीही, आणि बाहेरच्या केंद्रांना चाचणीला जाणारीही."

वहिनी म्हणजे साहेबांची बायको. मी मात्र तिला कधीच वहिनी म्हटलेलं नाही.

४

आम्ही तिघं एकाच वर्गातले. ती प्रत्येक परीक्षेत पहिली यायची, म्हणून तिचं नावच 'पहिली' पडलं. साहेबाच्या सुरुवातीच्या संकरांतली निम्मी फुलं तिच्या चिमट्याखालून गेली. कोवळ्या फुलातले पुंकेसर असे अलगद काढायची की फुलाला पत्ता लागू नये. लग्न झालं आणि एका केंद्रात एका घरातले दोन अधिकारी चालत नाहीत असा नियम पुढे आला. कुणी नोकरी सोडायची यावर घरात चर्चासुद्धा झाली नसावी. ती बियांच्या खोलीत हंगामी कामाला लागली आणि तिथेच राहिली. वाणाच्या कागदांवर पैदासकार म्हणून एकच नाव आहे.

त्या संध्याकाळी भाचीकडे जेवताना मी जावयाला विचारलं, "केवड्यावरचं औषध तुझ्याकडे असतं ना?"

"असतं. पांढरी भुकटी. बियांना चोळली की रोप केवड्यातून सहीसलामत सुटतं. बाजारातल्या औषधात रंग घालतात, लावलेलं बी ओळखू यावं म्हणून. आमच्या कपाटातलं बिनरंगाचं आहे, प्रयोगासाठी."

"ते संपतं का?"

तो घास हातात धरून विचार करत बसला. "गंमतच आहे. दरवर्षी पेरणीच्या तोंडावर बाटली तळाला जायची. मला वाटायचं कोणीतरी घरच्या बागेसाठी नेतंय, म्हणून मी नवी मागवायचो. या वर्षी मागवावीच लागली नाही."

"आणि हे तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुणी विचारलं नाही, मावशी."

बुरशीबरोबर राहून माणसाचं असं होतं. मी कपाळाला हात लावला. भाचीने मात्र पानावरून उठून त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. कितीतरी दिवसांनी तिच्यात थोडी धुगधुगी दिसली.

आता नुसत्या तर्कावर समिती हलली नसती. चष्मिशने त्या जुन्या पाकिटातलं उरलेलं मूठभर बी मला आणून दिलं. मी ते थोड्या पाण्यात भिजवलं, खळखळून धुतलं आणि ते पाणी ठेवलं. त्या पाण्यात रडकीचं बी भिजवलं. दुसरीकडे साध्या पाण्यात रडकीचंच बी भिजवलं. रोगट वाफ्यातली माती दोन ट्रेमध्ये भरून दोन्ही बिया पेरल्या आणि ट्रे भाचीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. समितीची तारीख जवळ येत होती. भाची रोज उठल्या उठल्या आधी ट्रे बघायची आणि मग नवऱ्याचा चेहरा.

साध्या पाण्यातली रडकी पिवळी पडून रडली, तिच्या रिवाजाप्रमाणे. त्या धुवणातली रडकी मात्र हिरवीगार वाढली. जन्मात कधी केवड्यातून न वाचलेलं वाण नुसत्या धुवणावर वाचलं होतं, म्हणजे त्या जुन्या बियांना औषध चोळलेलं होतं.

म्हणजे सतरावी ओळ या वर्षी कुणी मारलीच नव्हती. ती आधीच्या सगळ्या वर्षांत कुणीतरी जगवली होती आणि या वर्षी जगवायचं थांबवलं होतं. साहेबाच्या वाणात रोगाशी लढायची ताकद मुळात नव्हतीच. आणि तेच वाण पुढच्या महिन्यात हजारो शेतांत पेरायला जाणार होतं.

५

मी हिरवा ट्रे घेऊन पहिलीच्या घरी गेले आणि जेवणाच्या टेबलावर तिच्यासमोर ठेवला.

"हे काय?"

"रडकी."

तिने पानं उलटी करून बघितली. पांढरं काही नव्हतं. "छान आलीये," ती म्हणाली.

"तुझ्या हातगुणाने. जुन्या पाकिटातलं बी धुतलं, त्या पाण्यावर वाढवलीये."

ती जराशी हसली. "तू कायम दुसरी का यायचीस ते मला कधी कळलंच नाही."

मग तिने एकदाही न रडता सगळं सांगितलं. ज्या वर्षी साहेबाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, त्या वर्षी तिने खिडकीत रोगट मातीत रोपं लावून बघितली होती. त्याचं लाडकं वाण साफ आडवं झालं होतं.

"तो दवाखान्यात, अंगाला नळ्या. डॉक्टर म्हणाले, मनाला लागेल असं काही बोलू नका. मी म्हटलं, बियांना औषध लावून एवढं एक वर्ष ढकलू. बरा झाला की सांगू. तर बरा होऊन आला आणि त्याला बक्षीस मिळालं. बक्षीस मिळालेल्या नवऱ्याला हे कसं सांगतात ते तू सांग. मग दरवर्षी पाकिटं भरताना औषध लावत गेले."

"आणि या वर्षी का थांबलीस?"

"यंत्र आलं. उद्घाटनाला पाहुणे होते. हा माइकवर म्हणाला, आमची ही इतकी वर्षं पुड्या बांधत बसायची, आता तिची सुटका झाली. सगळे हसले. मीही हसले." तिने टेबलावरची माती बोटाने गोळा केली. "औषध अजूनही लावता आलं असतं. बी यंत्रात ओतायच्या आधी. पण म्हटलं, करू दे यंत्रालाच."

"म्हणजे मुद्दाम."

"मुद्दाम. त्याची फजिती व्हावी असं वाटलं मला. ते मी नाकारत नाही."

"आणि माझा जावई? त्याने तुझं काय घोडं मारलं होतं? माझ्या भाचीच्या घशाखाली घास उतरत नाही आणि तू इथे बसून आहेस!"

माझा आवाज चढला होता. खरंच सांगते, त्या क्षणी मला तिचा राग आला तसा उभ्या जन्मात कुणाचा आला नव्हता. ती खाली बघत म्हणाली, "हा त्या पोरावर घेईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. रोज ठरवते, आज बोलते. आणि रोज राहून जातं."

आतल्या खोलीच्या दारात साहेब येऊन उभा राहिला होता. तो केव्हापासून ऐकत होता कोण जाणे.

"ये, बस," मी म्हटलं. "तुला यातलं नवीन काही नाही. रोगट वाफ्यातून रोगट झाड उपटायला निघालेला पैदासकार मी आजवर बघितला नव्हता. तिथे रोग तर आपणच पाळतो. आणि तू उपटायला सांगितलंस ते हिरव्या टोकाकडून. ते टोक कुणाच्या नजरेला पडू नये एवढ्यासाठीच. तू बघताक्षणी ओळखलं होतंस."

तो खुर्चीत बसला. एकदम म्हातारा दिसायला लागला. "देठ बघितले, शेजारची रडकी बघितली. तेवढ्यात कळलं. पाकिटं कोण भरायचं ते मला माहीत नाही का?"

"आणि तरी त्या पोराचं नाव घेतलंस."

"मग काय हिचं घ्यायचं होतं?"

"स्वतःचं घ्यायचंस!" मी ओरडले.

तो माझ्याकडे पाठ करून बायकोला म्हणाला, "त्या ऑपरेशनच्या वर्षी याच वाणाचं एक भावंड होतं. कमी तेलाचं. आठवतं?"

"आठवतं."

"ते कसं उभं राहिलं होतं?"

"स्वतःच्या बळावर. त्याला मी हात लावला नव्हता."

"दोन्ही उभी दिसली म्हणून मी जास्त तेलाचं ठेवलं आणि ते टाकून दिलं. सगळं बी तेलाच्या घाण्यात गेलं. तू समोर होतीस."

"होते."

"एक शब्द बोलली असतीस तर ते ठेवलं असतं. इतक्या वर्षांत त्याचं तेलही वाढवलं असतं मी. आज शेतांत खरं वाण असतं." त्याने ट्रे बाजूला सरकवला. "तू मला जपलंस की मारलंस गं?"

"मला आता सांगता येत नाही," ती म्हणाली. "पण माझं मत तू कधी विचारलं होतंस?"

मी ट्रे उचलला. दारात थांबून म्हटलं, "समितीपुढे तुमच्यापैकी कुणी खरं बोललं नाही, तर मी बोलेन."

६

समिती केंद्राच्या सभागृहात बसली. जावयाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि भाचीने त्याचा हात असा धरला होता की तो पळून जाणार आहे. मी दोन्ही ट्रे खुर्चीखाली ठेवले होते. पण ते दाखवायची वेळच आली नाही. पहिला प्रश्न विचारायच्या आधीच साहेब उठून उभा राहिला.

"या तरुणाचा काही दोष नाही," तो म्हणाला. "माझ्या वाणात ताकद नव्हती. इतकी वर्षं बियांना औषध मी लावत होतो. या वर्षी धकाधकीत राहून गेलं. मी त्याच्यावर खोटा आळ घेतला. त्याची मी हात जोडून माफी मागतो."

सभागृहात कुजबुज उठली. भाचीने नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडायला लागली. अध्यक्ष घसा साफ करत म्हणाले, "पाकिटं तर आपल्या पत्नी भरायच्या ना?"

"तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती बिचारी साधी बाई, फक्त पुड्या बांधायची."

पहिली उभी राहिली.

"हे खोटं आहे," ती म्हणाली. आवाज स्पष्ट होता, कॉलेजात फळ्यासमोर असायचा तसा. "औषध मी लावत होते. कोणतं, किती, कसं, ते मी सांगते. बिनरंगाची भुकटी, पाण्यात कालवून बियांना चोळायची आणि सावलीत सुकवायची. बाहेरच्या केंद्रांच्या पाकिटांनाही मीच लावलं. ह्यांना काही माहीत नव्हतं. ह्यांना एवढं सुचलंच नसतं."

अध्यक्षांचा चेहरा मऊ झाला. "वहिनी, बसा. तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. या वयात नवऱ्याची अशी बदनामी बघणं सोपं नाही. पण त्यांचा दोष अंगावर घेऊन तुम्ही त्यांना वाचवू शकणार नाही."

"मी कुणाला वाचवत नाहीये!"

"बसा, वहिनी."

मी उठले. "ती खरं बोलतेय. मी तिच्या तोंडून ऐकलंय."

अध्यक्ष माझ्याकडे बघून हसले, तेही अगदी प्रेमाने. "बाई, तुम्ही त्यांची वर्गमैत्रीण, तुम्ही असंच म्हणणार. तुमचा जावई निर्दोष सुटला, आता आणखी कशाला ताणता?"

संचालक माझ्याकडे बघायचं टाळत होते. माझे ट्रे औषध सिद्ध करत होते, ते कुणाच्या हातांनी लावलं हे नाही. कबुली पैदासकाराची होती, पद त्याचं होतं, वाण त्याच्या नावावर होतं. कागदावर सगळं नीट बसत होतं. संध्याकाळच्या आत निकाल लिहून झाला. वाण रद्द, साहेबांचे सगळे सन्मान रद्द, बुरशीला सन्मानाने परत कामावर घ्यावं.

बाहेर पडवीत लोक साहेबाभोवती जमले होते. एरवी अशी फसवणूक करणाऱ्यावर थुंकायला तयार झाली असती अशी माणसं आता हलक्या आवाजात म्हणत होती, काही म्हणा, बायकोवर ढकललं नाही, स्वतःवर घेतलं, छातीचा माणूस आहे. तो मान खाली घालून उभा होता. त्याला हे ऐकू येत होतं आणि मला वाटतं, त्याला ते थोडंसं आवडतही होतं. मी चुकत असेन, पण मला तसंच वाटलं.

पहिली खांबाला टेकून एकटीच उभी होती. मी जवळ गेले.

"मी लावलेलं औषध होतं ते," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "एवढी वर्षं एकदाही चुकलं नाही. एक रोपसुद्धा पडू दिलं नाही मी. त्या वाफ्यात माझं म्हणून जे काही होतं ते एवढंच होतं, आणि आज तेही त्याने स्वतःच्या नावावर करून घेतलं."

भाची पलीकडून हाका मारत होती, जावई हसत होता.

साहेबाने गाडीचं दार उघडून बायकोकडे बघितलं. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग पदराने तोंड पुसलं आणि जाऊन त्याच्या शेजारी बसली.